सावरणाऱ्याला हसावं

नाशिक

प्रिय भाचेबाईंस,


तुझा मेसेज मिळाला. कॉलेजच्या फिल्म सोसायटीनं मूक विनोदी लघुपटांचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात मारला आणि तयारी म्हणून मोबाइलवर तुकडे पाहून तू कंटाळलीस. "नुसती पडापडी आणि पळापळी, मामा. दोन मिनिटं हसू येतं, मग सगळं सारखंच वाटायला लागतं. यावर मी बोलू काय?" असं विचारलंस. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर मेसेजमध्ये मावायचं नाही, म्हणून कागद पुढे ओढला. मी सिनेमाचा समीक्षक नव्हे, चित्रकलेचा मास्तर. पण पोरांना माणसाची आकृती काढायला शिकवताना जे बघायला सांगतो, तेच या फिल्म बघतानाही उपयोगी पडतं. वजन कुठल्या पायावर आहे, खांदा किती झुकलाय, तोल कुठून जाणार आहे. एवढं दिसायला लागलं की निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी तुकडे बघणं बंद कर. तुकडा कापणारा फक्त आपटण्याचा क्षण ठेवतो, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं फेकून देतो. आणि गंमत नेमकी त्या फेकलेल्या भागात असते. रविवार कारंज्यावर कुणी खरोखर घसरून पडलं तर आपण हसत नाही, हात द्यायला धावतो. हसू फुटतं ते तो माणूस उठून कपडे झटकतो, टोपी सरळ करतो आणि "कुठे काय झालं?" असा चेहरा करून चालायला लागतो तेव्हा. चार्ली चॅप्लिनला पडताना बघू नकोस, उठताना बघ. अंगावरचा कोट ठिगळाचा, बूट दुसऱ्याचे, पोटात अन्न नाही. तरी उठल्यावर पहिलं काम टोपी नीट करण्याचं. जग पाडतं आणि माणूस आपली इभ्रत सावरतो. मला विचारशील तर या सगळ्या कलेचं मर्म एवढंच आहे. पडणारा निमित्त असतो. हसायचं असतं सावरणाऱ्याला.

आता तू म्हणशील, हे सगळं परदेशी, आपला काय संबंध? अगं, तू नाशिकची. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या पुढे आपली गाडी जात नाही. १९१३ साली मुंबईत तो चित्रपट गाजला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कामाचा सगळा पसारा नाशिकला हलवला. इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई त्यात होत्या, म्हणून आपल्या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्या चित्रपटाची आठवण काढतात. पण १९१४ च्या जानेवारीत मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लागला तेव्हा जोडीला एक छोटी हसवणारी फिल्म होती, 'पिठाचे पंजे'. पौराणिक चित्रपट पोटभर आणि त्याच्या शेजारी चिमूटभर हसू, असं ताट फाळक्यांनी मांडलं होतं.

तारखेकडे जरा लक्ष दे. चॅप्लिनची पडद्यावरची पहिली फिल्म आली १९१४ च्या फेब्रुवारीत. म्हणजे नाशिकचा हा गृहस्थ प्रेक्षकांना हसवायला निघाला तेव्हा चार्ली अजून पडद्यावर उगवायचा होता. कोण कुणाच्या आधी, याची फुशारकी मारायला हे सांगत नाही. मुंबईत तेव्हा फ्रेंच विनोदी फिल्म येत होत्या, फाळके डोळे मिटून बसणारे नव्हते. सांगायचं आहे ते इतकंच, की ही कला जगभर एकाच सुमारास आकार घेत होती आणि त्या कामात एक हात आपल्या गावचाही होता.

फाळक्यांना या खेळकरपणाचं वावडं नव्हतंच. आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवणारी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी केली. स्वतः जादूचे प्रयोग करायचे ते 'प्रोफेसर केळफा' या नावानं. आडनाव उलटं वाचून बघ. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या खेळाला जोडूनही नाच, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू खेळवणारा कसरतपटू असा मालमसाला होता. आपल्याकडचा सिनेमा देवळातून आला तसा जत्रेतूनही आला आणि जत्रेतली ती कसरत, ती हूल, ती फजिती त्यानं कधी सोडली नाही.

सगळ्यात जवळचं उदाहरण १९१९ च्या 'कालियामर्दन'चं. तो बराचसा टिकून आहे, बघच. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती निव्वळ चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते. जणू बाप प्रेक्षकाला सांगतो आहे, आधी वाद्य बघून घ्या, गाणं मागाहून. मग येतात कृष्णाच्या खोड्या. कुणी शेजारीण कृष्णाच्या सवंगड्याच्या अंगावर पाणी उडवते, त्याचा सूड म्हणून पोरं तिच्या घरचं लोणी पळवतात. रात्री कृष्ण एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात शिरतो आणि झोपलेल्या त्या गृहस्थाची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. आता मला सांग, हॉलिवूडमधल्या कुठल्या खोडकर पोरानं याहून वेगळं काय केलं? शेवटी कालियाशी झुंज आहे, चमत्कार आहे, भक्ती आहे. पण त्या भक्तीपर्यंत फाळक्यांनी आपल्याला खोड्यांच्या वाटेनं नेलं. ही वाट आपल्या मातीत आधीपासून होती. तमाशातली गवळण आठव. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे मावशी आणि कृष्णाचा तो धांदरट सवंगडी पेंद्या. देवाच्या कथेत धक्काबुक्की आणि फजिती चालते, हे मराठी माणसाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

तुझ्या मनात आणखी एक खटका असेल. तू लिहिलं नाहीस, पण मला तो दिसला. असल्या हलक्याफुलक्या विषयावर बोललं तर प्राध्यापक काय म्हणतील? फाळक्यांच्या काळी सिनेमात काम करणं हेच हलकं मानलं जायचं. म्हणून ते आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे' असं सांगा. परेश मोकाशींनी फाळक्यांवरच्या आपल्या चित्रपटाला त्यावरूनच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे नाव दिलं आणि सगळी गोष्ट विनोदाच्या अंगानं सांगितली. ते त्यांनी उगाच केलेलं नाही. पदरचं सगळं पणाला लावून, डोळे दुखवून, बायकोला फिल्मला भोकं पाडायला बसवून सिनेमा करणारा माणूस म्हणजे सतत पडणारा आणि सतत सावरणाराच की.

आता बघायचं कसं, ते सांगतो.

पाय बघ. या फिल्ममध्ये कॅमेरा बहुतेक वेळा मागे, स्थिर उभा असतो आणि माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतो. आजचा सिनेमा चेहऱ्याजवळ जातो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना चेहराच वाचायची सवय. इथे गोष्ट सांगतात गुडघे, टाचा, कोपर. बस्टर कीटनच्या चेहऱ्यावर तर हसू औषधालाही नाही. लहानपणी आईबापांबरोबर तो रंगमंचावर खेळ करायचा. बाप त्याला उचलून इकडून तिकडे फेकायचा; फेकायला सोपं जावं म्हणून अंगरख्याला पेटीची मूठ शिवलेली असायची. आपण हसलो की लोक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो की लोटपोट होतात, हे त्या पोरानं तेव्हाच हेरलं आणि जन्मभर पाळलं.

मग वस्तू बघ. चॅप्लिनच्या 'द पॉनशॉप' या १९१६ च्या फिल्ममध्ये एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला येतं. चार्ली ते घड्याळ डॉक्टरसारखं तपासतो, स्टेथोस्कोप लावतो, डबा उघडायच्या हत्यारानं त्याचं झाकण काढतो, आतली चक्रं उपसतो, वर तेल ओततो आणि सगळा कचरा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून, मान हलवून परत देतो. ही तपासणी चालू असताना कुणी पडत नाही की कुणाला मार बसत नाही. तरी धसमुसळ्या विनोदाचा हा कळस आहे, कारण घड्याळ क्षणोक्षणी दुसरंच काहीतरी होत जातं आणि चार्लीचा चेहरा मात्र जाणकाराचाच राहतो. वस्तूला नेमून दिलेलं काम सोडून भलतंच करायला लावणं, हा या लोकांचा हातखंडा. तू नुसती शिडी दिसली की ओळखायला शीक, आता दोन्ही टोकांना माणसं जखमी होणार.

तिसरी गोष्ट, थांबणं बघ. लॉरेल आणि हार्डीची 'बिग बिझनेस' ही १९२९ ची फिल्म घे. भर उन्हाच्या कॅलिफोर्नियात हे दोघे नाताळची झाडं दारोदार विकत हिंडतात. एका घरमालकाशी बिनसतं. तो त्यांचं झाड कापतो, हे त्याच्या दाराची नासधूस करतात. तो त्यांची मोटार मोडायला लागतो, हे त्याचं घर. गंमत अशी, की एक जण तोडतो तेव्हा दुसरा शांतपणे उभा राहून बघतो. अडवत नाही. पाळी संपली की मग आपली सुरू करतो. इतक्या शिस्तीत चाललेलं भांडण तू आयुष्यात पाहिलं नसशील. पोलीससुद्धा गाडीत बसून वहीत टिपणं काढतो. भावकीतल्या बांधाच्या भांडणांशी याचं नातं किती जवळचं आहे, हे निफाड-सिन्नरकडच्या माणसाला मी सांगायला नको. तर ते थांबणं मोज. फटक्यापेक्षा दोन फटक्यांमधली उसंत जास्त हसवते. ती उसंत एक क्षण कमी झाली तर मारामारी, एक क्षण जास्त झाली तर कंटाळा.

आणि चौथी, आपली फसगत कशी होते ते बघ. कीटनच्या 'वन वीक' या १९२० च्या फिल्ममध्ये नव्या जोडप्याला जोडून उभं करायचं घर आहेर म्हणून मिळतं. नवरीनं नाकारलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो, त्यामुळे घर वाकडंतिकडं उभं राहतं. पुढे वादळात ते पाळण्यासारखं गरगर फिरतं. मग कळतं की घर चुकीच्या जागेवर बांधलंय, ते रुळांपलीकडे न्यायला हवं. ओढत नेताना ते रुळांवर अडकतं आणि समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटतात, आपणही श्वास रोखतो. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणतो न म्हणतो, तोच उलट्या बाजूनं दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. दिग्दर्शकानं घरापेक्षा आपला अंदाज मोडला आहे. आणि त्यानंतरचं विसरू नकोस. कीटन त्या ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, जोडणीची माहितीपुस्तिकाही सोबत ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. म्हटलं ना, सावरणं.

हे सगळं पोरखेळ वाटतं तोवर त्यामागची मेहनत कळलेली नसते. हॅरल्ड लॉइडच्या हातात १९१९ साली खोटा समजलेला बॉम्ब फुटला आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. त्यानंतर खास हातमोजा घालून त्यानं 'सेफ्टी लास्ट' या फिल्ममधली इमारत चढण्याची कामं केली. असं शरीर एका दिवसात घडत नाही. आपल्याकडे मल्लखांबाचं शास्त्र उभं करणारे बाळंभटदादा देवधर आपल्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. आखाड्यात मल्लखांब शिकणाऱ्या पोराला विचार, चढण्याइतकंच उतरणं आणि पडणं शिकावं लागतं, असं तो सांगेल. कीटनची उडी बघताना तो पोरगा आपल्या दोघांपेक्षा जास्त बघतो. तुझ्या कार्यक्रमाला अशा दोघाचौघांना मुद्दाम बोलाव.

डोळसपणे बघ असं सांगतो, तेव्हा न आवडणाऱ्या गोष्टींकडेही बघायला सांगतो. त्या काळातल्या फिल्ममध्ये गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून केलेल्या नकला आहेत, जाडेपणाची टिंगल आहे. आपलेही हात स्वच्छ नाहीत. पेंद्याला लंगडं आणि बोबडं करून कित्येक पिढ्या हशा वसूल झाला. यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. शरीर काय करतं याला हसावं, शरीर कसं आहे याला हसू नये. चार्लीच्या चालण्यात लय आहे म्हणून हसू येतं, व्यंग आहे म्हणून नाही. ज्या जागी हसू घशात अडकेल, ती जागा गाळू नकोस. तिथेच बोलण्यासारखं काही सापडेल. शिवाय बायका या फिल्ममध्ये फक्त किंचाळायला होत्या असंही समजू नकोस. मेबल नॉर्मंड १९१४ साली स्वतः काम करत होती आणि दिग्दर्शनही करत होती.

आता कार्यक्रमाचं. ल्युमिए बंधूंच्या १८९५ च्या त्या माळीबुवाच्या फिल्मपासून सुरुवात कर. पोरगा नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीत डोकावतो, पोरगा पाय काढतो. मिनिटसुद्धा लागत नाही, पण पुढचं सगळं तिच्यात बीजरूपानं आहे. त्यानंतर 'कालियामर्दन'मधला सुरुवातीचा खोड्यांचा भाग. तेवढा एकच तुकडा मी तुला माफ करतो. मग 'द पॉनशॉप', 'वन वीक' आणि 'बिग बिझनेस' पूर्ण. या दोन-दोन रिळांच्या फिल्म, एकेक वीस-पंचवीस मिनिटांची. सव्वा-दीड तास लागेल, तेवढा वेळ आधीच मागून घे.

प्रत निवडताना वेग तपास. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं. बोलपटांत ती चोवीस ठरली. जुनी फिल्म नव्या वेगानं चालवली की माणसं मुंग्यांसारखी पळतात आणि तू म्हणतेस ती 'पळापळी' बरीचशी तिथूनच येते. विनोदी फिल्मवाले मुद्दाम कॅमेरा सावकाश फिरवून थोडा वेग वाढवायचे हे खरं, पण तो त्यांचा हिशेब होता, आपल्या यंत्राचा नव्हे. म्हणून योग्य वेगाची, नीट दुरुस्त केलेली प्रत शोध. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ फिल्म दाखवायला अडचण नाही. नव्यानं जोडलेल्या संगीताचे हक्क मात्र निराळे असू शकतात. ते चुकवायचं असेल तर आवाज बंद कर आणि कॉलेजमधल्या कुणाला पेटी-तबल्यावर बसव. मूकपट मुके कधीच नव्हते. आपल्याकडच्या थिएटरांत पडद्याखाली वाजवणारे बसलेलेच असायचे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. या फिल्म एकट्यानं कानात बोंडं घालून बघायच्या नव्हेत. त्या भरल्या थिएटरासाठी बनल्या. एक जण खुदकन हसतो, शेजारचा त्याला बघून हसतो, मग रांगच्या रांग हलते. हशा ओसरेपर्यंत पडद्यावरच्या नटानंही जागा सोडलेली असते. खोलीत एकटी बसलीस तर तीच जागा रिकामी वाटते आणि कंटाळा येतो. तुझ्या तक्रारीचं अर्धं उत्तर एवढ्यातच आहे. आधी सगळ्यांबरोबर एकदा मनसोक्त बघ. दुसऱ्या दिवशी तीच फिल्म एकटीनं, हातात कागद घेऊन बघ आणि प्रत्येक हशाच्या आधी काय घडलं ते लिहून काढ. क्रम उलटा करू नकोस. आधी चिरफाड केलीस तर हसू हाती लागणार नाही.

पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे. तुझ्या सोसायटीच्या पोरांना एकदा तिथे घेऊन जा. फाळक्यांच्या नावापुढे 'पितामह' लागतं, त्यामुळे आपण त्यांना उगाच गंभीर करून ठेवलंय. पोरांना सांग, याच गावात राहून या माणसानं 'पिठाचे पंजे' केला, आगकाड्या नाचवल्या, दाढीला वेणी बांधली.

आणि भाषण पाच मिनिटांत आटप. लोक तुझं ऐकायला नाही, हसायला येणार आहेत. त्यांना हसू दे.

तुझा,
मामा